हुकूम देणाऱ्याचा जबाब : संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसांस अनावृत पत्र

मा. सरचिटणीस, संयुक्त राष्ट्रसंघ, न्यूयॉर्क, यांस



दरवर्षी सुरक्षा परिषदेपुढे आपल्या नावाने जो अहवाल ठेवला जातो, ज्यात युद्धग्रस्त प्रदेशांतील स्त्रियांवर, बालिकांवर आणि पुरुषांवरही झालेल्या लैंगिक अत्याचारांचा गोषवारा असतो, आणि ज्याच्या शेवटी २०१० च्या डिसेंबरात संमत झालेल्या १९६० क्रमांकाच्या ठरावान्वये अशा अत्याचारांचा सबळ संशय असलेल्या सैन्यांची व सशस्त्र गटांची नावनिशीवार यादी जोडलेली असते, त्या अहवालासंबंधी हे पत्र आहे. या यादीतील बहुसंख्य नावे पाच वर्षे वा त्याहून अधिक काळ तीच ती आहेत, ही गोष्ट आपल्याच कार्यालयाने वेळोवेळी नमूद केलेली आहे. नाव जाहीर झाले की अपराध्याला लाज वाटेल आणि लाजेपोटी तरी तो आवरेल, अशी या व्यवस्थेमागची अपेक्षा असावी. परंतु ज्याच्या हाती बंदूक आहे, खाण आहे आणि रस्त्यावरचे जकातीचे नाके आहेत, अशा माणसाला यादीची लाज वाटल्याचे उदाहरण विरळाच. त्याला धाक वाटेल तो एकाच गोष्टीचा : दिलेल्या हुकुमाबद्दल आज ना उद्या आपल्याला स्वतःला न्यायासनापुढे उभे राहून जबाब द्यावा लागेल, या खात्रीचा. ही खात्री निर्माण करणे फार कष्टाचे असते आणि तहाच्या वाटाघाटींत ती एका सहीने नाहीशी करता येते. ती तशी नाहीशी होऊ नये, एवढ्याच विनंतीसाठी मी आपला वेळ घेत आहे.

माझे उदाहरण कांगोचे आहे. त्या देशाच्या पूर्व सीमेवरील डोंगरांत काय घडले याची चौकशी महाराष्ट्रातल्या एका नागरिकाने का करावी, असा प्रश्न कोणाला पडल्यास त्याचे उत्तर सरळ आहे. त्या डोंगरांत निळी शिरस्त्राणे घालून उभ्या राहिलेल्या फौजांत भारतीय सैनिकांची संख्या वर्षानुवर्षे फार मोठी होती. उत्तर किवू प्रांताची जबाबदारी दीर्घकाळ भारतीय ब्रिगेडकडे होती. आणि ज्या घटनेचा दाखला मी देणार आहे ती घडली तेव्हा तेथून सर्वांत जवळचा तळ आमच्याच जवानांचा होता. आपला सैनिक जेथे रक्षणाच्या वचनाने उभा राहिला, तेथे रक्षण झाले की नाही हे विचारण्याचा आणि त्याचे उत्तर ऐकण्याचा अधिकार व कर्तव्य त्याला पाठविणाऱ्या समाजाकडे आपोआप येते, असे मी मानतो.

उत्तर किवूमधील वालिकाले हा तालुका दाट अरण्याचा आणि कथिलाच्या खनिजाचा. किबुआ ते म्पोफी या कच्च्या रस्त्याच्या दुतर्फा लहान लहान गावे वसलेली आहेत. लुवुंगी हे त्यांतलेच एक. ३० जुलै २०१० रोजी संध्याकाळी सशस्त्र माणसे या गावात आली. घाबरण्याचे कारण नाही, असे त्यांनी गावकऱ्यांना सांगितले, आणि लोकांनी त्यावर काही अंशी विश्वासही ठेवला. रात्र झाल्यावर हल्ला सुरू झाला. पुढे २ ऑगस्टपर्यंत, म्हणजे सलग चार दिवस, लुवुंगीसह तेरा गावांतून हेच चालू राहिले. आपल्याच मानवाधिकार कार्यालयाने नंतर जी तहकीकात केली तीत किमान ३८७ व्यक्तींवर बलात्कार झाल्याचे निष्पन्न झाले. त्यांत ३०० स्त्रिया होत्या, ५५ मुली होत्या, २३ पुरुष होते आणि ९ मुलगे होते. ९२३ घरे व ४२ दुकाने लुटली गेली आणि ११६ माणसांना लुटीची ओझी वाहण्यासाठी वेठीस धरून नेण्यात आले. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे अत्याचारानंतर बहात्तर तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, हे वैद्यकशास्त्र सांगते. येथे वेढाच चार दिवसांचा असल्यामुळे पहिल्या रात्रीच्या पीडितांची ती मुदत हल्लेखोर गावातून हलण्याच्या सुमारासच उलटून गेली.

आमच्या जवानांचा तो किबुआचा तळ तेथून सुमारे तीस किलोमीटरवर होता. गावात दूरध्वनीची सोय नव्हती, आणि गस्तीच्या सैनिकांना गावकऱ्यांची भाषा येत नव्हती. व्यापारी मालमोटारींच्या रक्षणासाठी निघालेली शांतिसैनिकांची एक तुकडी २ ऑगस्टला लुवुंगीतून गेलीही, पण तिच्या कानावर लुटीची वार्ता आली आणि बलात्काराची आली नाही. जिच्यावर हा प्रसंग गुदरला तिने तो रस्त्यात उभ्या असलेल्या, शस्त्र बाळगणाऱ्या, परभाषिक पुरुषाला दुभाष्याशिवाय सांगावा, अशी अपेक्षा करणारी व्यवस्थाच सदोष होती, हे उघड आहे. काय घडले याची रीतसर खबर शांतिमोहिमेच्या मुख्यालयाला १२ ऑगस्टला मिळाली. पुढे सप्टेंबरात आपल्या शांतिरक्षण विभागाचे भारतीय अधिकारी अतुल खरे यांनी सुरक्षा परिषदेपुढे, आपली कारवाई अपुरी पडली, असे स्पष्ट शब्दांत मान्य केले. त्या कबुलीचा मला आदर वाटतो, कारण तिच्यातून काही चांगले निष्पन्न झाले : तळांवर स्थानिक भाषा जाणणारे लोकसंपर्क साहाय्यक नेमले गेले आणि दूरच्या गावांतून इशारा पोहोचविण्याची साधने उभारली गेली. चूक मान्य करणारी संस्था सुधारते. परंतु अपराध करणारा गट आपल्या अपराधाची कबुली स्वतःहून देत नसतो, आणि म्हणून त्याच्या बाबतीत न्यायालयाला पर्याय नाही.

आता या घटनेच्या स्वरूपाकडे आपले लक्ष वेधतो. जंगलात राहणाऱ्या, पगार न मिळणाऱ्या, दारू प्यालेल्या शिपायांचा हा बेबंद उद्रेक होता, असे समजण्याकडे पुष्कळांचा कल असतो, आणि अशा समजुतीचा सर्वांत मोठा लाभ सेनानायकालाच होतो. येथे तीन निरनिराळे गट एकत्र आले होते : न्ताबो न्ताबेरी शेका याची माई-माई टोळी, रवांडातून आलेल्या हुतू बंडखोरांची एफडीएलआर ही संघटना, आणि सैन्यातून फुटलेल्या एका कर्नलची माणसे. मिळून दोनशेच्या आसपास बंदूकधारी होते. त्यांनी वाटा अडविल्या, गावांची वाटणी केली, लूट गोळा केली, ओझी वाहणारी माणसे निवडली आणि चौथ्या दिवशी सगळेच निघून गेले. तेरा गावे चार दिवसांत अशा रीतीने हाताळणाऱ्या माणसांना शिस्त नव्हती असे म्हणणे हा शब्दांचा विपर्यास होय. हा हल्ला पूर्वनियोजित होता आणि गावकरी शासनाला अनुकूल आहेत या संशयावरून त्यांना शिक्षा करण्याचा त्यामागे उद्देश होता, असे आपल्याच तपासणीत दिसून आले. म्हणजेच येथे बलात्कार हा हुकमतीचा भाग होता. आणि हुकमत जेथे असते तेथे हुकूम देणारा, तो पोहोचविणारा, आणि माहीत असूनही न रोखणारा, असे तिघेही शोधले असता सापडतात.

शोधणे कठीण नव्हतेच. २०११ च्या जानेवारीत कांगोच्या लष्करी न्यायखात्याने शेकाच्या नावे अटकेचा हुकूम काढला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात देशात निवडणूक झाली, आणि अटकेचा हुकूम डोक्यावर असलेला हा मनुष्य राष्ट्रीय कायदेमंडळाच्या जागेसाठी उमेदवार म्हणून उभा राहिला. त्याच महिन्यात आपल्या निर्बंध समितीनेही त्याचे नाव आपल्या यादीत घातले. एका दप्तरात आरोपी, दुसऱ्यात उमेदवार आणि तिसऱ्यात निर्बंधित, अशा तीन नोंदी एकाच नावापुढे एकाच वेळी असू शकतात, यातच आजच्या व्यवस्थेचा सारा दोष एकवटला आहे. दरम्यान त्याचा एक दुय्यम अधिकारी २०१० मध्येच पकडला गेला होता, पण खटला निकाली निघण्यापूर्वीच तो तुरुंगात मरण पावला. शेका २०१७ च्या जुलैत शरण आला, २०१८ च्या नोव्हेंबरात गोमा येथे त्याच्यावरील खटला उभा राहिला, आणि २३ नोव्हेंबर २०२० रोजी लष्करी न्यायालयाने खून, बलात्कार, लैंगिक गुलामगिरी व पंधरा वर्षांखालील मुलांची सैन्यभरती इत्यादी युद्धगुन्ह्यांबद्दल त्याला जन्मठेपेची शिक्षा दिली.

गुन्हा आणि निकाल यांच्यामध्ये दहा वर्षे आणि जवळजवळ चार महिने गेले. तरीसुद्धा या निकालाचे मोल फार मोठे आहे, कारण अशा गुन्ह्याचा छडा लागणे अशक्य असते, हा समज त्याने कायमचा खोडून काढला. त्यासाठी काय काय करावे लागले हे सांगितले पाहिजे. ज्या डॉक्टरने किंवा परिचारिकेने पीडितेला प्रथम तपासले, त्यांनी जखमांची नोंद तारीखवार लिहून ठेवावी लागते. ती नोंद न्यायालयात टिकेल अशा नमुन्यात असावी लागते. जबानी घेणाऱ्याला पीडितेची भाषा यावी लागते आणि तीच जबानी पुन्हा पुन्हा द्यायला लावून तिचा छळ होणार नाही हे पाहावे लागते. कोणत्या टोळीचा कोणता नायक त्या दिवशी कोठे होता, त्याच्याकडे कोणते संपर्कयंत्र होते, याचा पुरावा वेगळा जमवावा लागतो. आणि साक्षीदार गावी परतल्यावर तिच्या दाराशी कोणी येणार नाही, याची हमी द्यावी लागते. यांतील एक दुवा तुटला की खटला कोसळतो.

दक्षिण किवूतील कावुमू या गावी या सगळ्या दुव्यांची एक साखळी उभी राहिली, ती मी मुद्दाम नमूद करतो. तेथे २०१३ ते २०१६ या काळात चाळीसच्या आसपास लहान मुली, ज्यांतील कित्येकींना बोलताही येत नव्हते, रात्री घरातून पळवून नेण्यात आल्या आणि त्यांच्यावर पाशवी अत्याचार झाले. कोवळ्या मुलीच्या रक्ताने आपल्याला शस्त्रापासून अभय मिळते, अशी समजूत या टोळीच्या माणसांत पसरविण्यात आली होती. आणि टोळीचा प्रमुख फ्रेडरिक बातुमिके हा प्रांतिक विधिमंडळाचा सदस्य होता. बुकावूचे पान्झी रुग्णालय, जे डॉ. डेनिस मुक्वेगे यांनी उभारले आणि ज्या कार्याबद्दल त्यांना २०१८ चे नोबेल शांतता पारितोषिक लाभले, तेथील वैद्यकांनी या मुलींवर शस्त्रक्रिया केल्या आणि त्याबरोबरच पुरावाही जतन केला. न्यायालय प्रांताच्या राजधानीत न भरता गावात भरले. साक्षीदार नखशिखान्त झाकलेल्या वेशात आले, त्यांचे आवाज यंत्राने बदलले गेले, आणि मुलींना भर न्यायालयात उभे न करता त्यांच्या चित्रमुद्रित जबान्या ग्राह्य धरल्या गेल्या. १३ डिसेंबर २०१७ रोजी बातुमिकेसह अकरा जणांना जन्मठेप झाली आणि पुढल्या वर्षी अपिलातही ती कायम राहिली. विधिमंडळाच्या सदस्यत्वाने त्याचे रक्षण केले नाही. आपल्याच गावाच्या मैदानात मांडलेल्या टेबलामागे न्यायाधीश बसलेले त्या मुलींच्या आईबापांनी पाहिले, आणि ज्या माणसाच्या भीतीने संध्याकाळी दारे लावून घ्यावी लागत, तो आरोपीच्या जागी उभा असलेलाही पाहिला.

मग प्रश्न असा उरतो की, जे शक्य आहे ते इतके विरळ का? माझ्या मते त्याचे पहिले कारण तहनाम्यांच्या इतिहासात आहे. पूर्व कांगोतील बंडखोर सेनानायक बोस्को न्तागांडा याच्यावर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २००६ मध्येच अटकेचा हुकूम काढला होता. असे असता २००९ च्या तडजोडीनंतर त्याची माणसे राष्ट्रीय सैन्यात सामावून घेण्यात आली, त्याला जनरलचा हुद्दा मिळाला, आणि आपल्या मोहिमेची कचेरी ज्या गोमा शहरात होती त्याच शहरात तो उजळ माथ्याने राहू लागला. शांततेसाठी हे आवश्यक आहे, असे तेव्हा सांगितले गेले. तीनच वर्षांनी, २०१२ मध्ये, त्याच तहाच्या २३ मार्च या तारखेवरून एम-२३ असे नाव घेऊन नवे बंड उभे राहिले आणि न्तागांडा त्याच्या नायकांपैकी एक होता. २०१३ मध्ये तो स्वतः किगालीतील अमेरिकी वकिलातीत शरण आला तेव्हा कोठे हेगचा रस्ता खुला झाला. २०१९ मध्ये त्याला अठरा आरोपांत दोषी धरून तीस वर्षांची कैद देण्यात आली, आणि त्या आरोपांत त्याच्याच फौजेतील अल्पवयीन मुलींवर झालेल्या अत्याचारांचाही समावेश होता. म्हणजे २००९ साली न्यायाच्या मोबदल्यात जी शांतता घेतली, ती शांतताही हाती लागली नाही आणि न्याय दहा वर्षे लांबला.

हेच पुढेही चालू आहे. शेकाच्या टोळीतून फुटून निघालेला गिडॉन शिमिराय याच्यावर २०१९ च्या जूनमध्ये कांगोच्या लष्करी अभियोक्त्याने बलात्कार व बालसैनिकांची भरती यांसह गंभीर आरोपांखाली अटकेचा हुकूम काढला. आरोप सिद्ध होईपर्यंत कोणीही अपराधी नव्हे, हे मला मान्य आहे; परंतु ज्याने न्यायालयात येऊन आरोपांना उत्तर द्यावयाचे तो मनुष्य एम-२३ विरुद्धच्या लढाईत शासनाच्या बाजूने लढणाऱ्या टोळ्यांचा एक प्रमुख नायक म्हणून वावरत राहिला. शत्रूचा शत्रू म्हणून ज्याला आज जवळ केले, त्याच्या नावावरील अटकेचा हुकूम उद्या कोणता अंमलदार बजावणार आहे?

न्यायाचा हट्ट धरला तर तह होणार नाही आणि तह झाला नाही तर आणखी स्त्रिया बळी पडतील, असा आक्षेप पुष्कळ सज्जन माणसे प्रामाणिकपणे घेतात. त्याला उत्तर म्हणून मी आपल्याच संस्थेच्या दप्तरातला एक कागद पुढे ठेवतो. १९९९ च्या जुलैत लोमे येथे सिएरा लिओनच्या शासनाने क्रांतिकारी संयुक्त आघाडीशी तह केला. त्या तहान्वये बंडखोरांना सार्वत्रिक माफी मिळाली, आणि त्यांचा नायक फोदे सांको याला खनिजसंपत्तीच्या व्यवस्थापनाच्या आयोगाचे अध्यक्षपद व उपराष्ट्राध्यक्षाचा दर्जा देण्यात आला. सही करताना संयुक्त राष्ट्रसंघाच्या प्रतिनिधीने स्वहस्ते एक पुस्ती जोडली : वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे व आंतरराष्ट्रीय मानवीय कायद्याचे इतर गंभीर भंग यांना ही माफी लागू आहे असे संयुक्त राष्ट्रसंघ मानीत नाही. वर्ष उलटण्यापूर्वीच, २००० च्या मे महिन्यात, सांकोच्या माणसांनी शांतिसैनिकांनाच ओलीस धरले आणि तह मोडला. पुढे विशेष न्यायालय स्थापन झाले, त्याने लोमेची माफी आपल्या अधिकाराच्या आड येत नाही असा निर्णय दिला, आणि २००९ मध्ये आघाडीचे तीन नेते बलात्कार, लैंगिक गुलामगिरी व सक्तीचा विवाह यांबद्दल दोषी ठरले. माफीने शांतता आली नव्हती, आणि हाताने लिहिलेल्या त्या एका पुस्तीने न्यायाचे दार किलकिले ठेवले होते. म्हणून लेखणी आपल्या हाती असताना ती कोठे थांबते, याला मी इतके महत्त्व देतो.

दुसरे कारण पुराव्याचे आहे. कांगोचा बंडखोर नेता ज्याँ-पिएर बेंबा याला त्याच्या सैनिकांनी मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात केलेल्या बलात्कारांबद्दल सेनानायक या नात्याने २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात दोषी ठरविण्यात आले, आणि २०१८ मध्ये अपिलात तीन विरुद्ध दोन अशा मताधिक्याने तो निर्दोष सुटला. त्या खटल्यात पाच हजारांहून अधिक पीडितांचा सहभाग होता. या निर्णयाच्या गुणदोषांची चर्चा विधिज्ञांनी करावी. सामान्य माणसाने त्यातून एवढे समजून घ्यावे की, अत्याचार झाले हे सिद्ध होणे पुरेसे नसते. दूर बसलेल्या नायकाला काय माहीत होते आणि रोखण्यासाठी त्याला काय करता आले असते, हे कागदोपत्री सिद्ध करावे लागते. हा पुरावा घटना ताजी असतानाच, घटनास्थळाजवळ राहणारी माणसेच गोळा करू शकतात.

आणि नेमकी हीच माणसे तेथून निघू लागली. २०२४ च्या जूनअखेर आपल्या मोहिमेने दक्षिण किवूतून माघार पूर्ण केली. २०२५ च्या जानेवारीत गोमा, फेब्रुवारीत कावुमूचा विमानतळ आणि बुकावू एम-२३ च्या ताब्यात गेले. मार्चमध्ये खुद्द वालिकाले काही आठवडे त्यांच्या अंमलाखाली होते. ज्या शहरात शेकाचा फैसला झाला तेथे आज त्या राज्याचे न्यायालय नाही, आणि ज्या स्त्रियांनी राज्याच्या वचनावर विसंबून साक्षी दिल्या त्यांचे रक्षण करणारे कोणी उरले आहे की नाही, हा प्रश्न दोहा येथील वाटाघाटींच्या मेजावर प्रथम मांडला गेला पाहिजे. तेथे २०२५ च्या जुलैत कांगोचे शासन व एम-२३ यांनी तत्त्वांच्या घोषणापत्रावर आणि नोव्हेंबरात चौकटीच्या करारावर सह्या केल्या आहेत. तपशील अजून ठरावयाचे आहेत. म्हणजेच बोलण्याची वेळ आताच आहे.

म्हणून महोदय, माझ्या विनंत्या स्पष्टपणे मांडतो. पहिली ही की, आपले प्रतिनिधी ज्या ज्या वाटाघाटींत साहाय्य देतात तेथे लैंगिक अत्याचारांना माफी नाही हे कलम मसुद्याच्या अंगभूत असावे, शेवटच्या घटकेस हाताने जोडण्याची पाळी येऊ नये. आणि ज्याच्यावर अशा गुन्ह्याचा अटकेचा हुकूम आहे त्याला सैन्यात हुद्दा, शासनात पद वा खाणीत वाटा देणारा कोणताही तह आपण मान्य करू नये. दुसरी ही की, मोहीम मागे घेताना मानवाधिकार कार्यालय सर्वांत शेवटी हलावे. जबान्या, वैद्यकीय दाखले व तपासाची कागदपत्रे यांच्या प्रती सुरक्षित स्थळी जतन व्हाव्यात, आणि साक्षीदारांच्या संरक्षणाचा खर्च मोहिमेच्या अंदाजपत्रकाबरोबर संपुष्टात येऊ नये. तिसरी ही की, आपल्या वार्षिक यादीत गटाच्या नावाबरोबर त्याच्या नायकाविरुद्ध कोणता हुकूम निघाला, तो बजावला गेला की नाही, आणि नसल्यास का नाही, याची नोंद वर्षागणिक केली जावी. आणि चौथी ही की, नुकसानभरपाईचा विषय निकालपत्राच्या शेवटच्या पानावरून पुढे आणावा. कांगोच्या न्यायालयांनी पीडितांना रकमा मंजूर केल्या, पण त्या क्वचितच हाती पडल्या. २०२२ च्या डिसेंबरात तेथील कायद्याने खनिजांच्या स्वामित्वशुल्कातून निधी उभारण्याची तरतूद केली आहे, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. ज्या खनिजासाठी गावे जाळली गेली त्याच खनिजाच्या उत्पन्नातून त्या गावांचे देणे फिटावे, यात मोठे औचित्य आहे; ते पैसे खरोखर पोहोचतात की नाही यावर आपली नजर असावी.

हे सारे केवळ टोळ्यांपुरते मर्यादित नाही. आपल्या यादीत कांगोचे राष्ट्रीय सैन्यही आहे. २०१२ च्या नोव्हेंबरात मिनोव्हा येथे पराभवानंतर माघार घेणाऱ्या त्याच सैन्याने शंभराहून अधिक स्त्रियांवर व मुलींवर अत्याचार केले. एकोणचाळीस जणांवर खटला चालला आणि बलात्काराबद्दल फक्त दोघे दोषी ठरले. निळ्या शिरस्त्राणाखालील काही शांतिसैनिकांवरही कांगोत लैंगिक शोषणाचे आरोप झाले आणि कित्येकांची चौकशी त्यांच्या मायदेशीच्या दप्तरांत विरून गेली. माझे स्वतःचे राष्ट्र आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम येथील कराराबाहेर आहे, याची मला जाणीव आहे, आणि ते त्यात सामील व्हावे अशी माझी इच्छा आहे. जे माप बंडखोराला लावावयाचे तेच राज्याच्या शिपायाला, आणि तेच आमच्या शिपायाला लावले गेले तरच वालिकालेच्या स्त्रीला त्या मापावर विश्वास ठेवता येईल.

तिच्या बाजूने पाहिले तर आतापर्यंतचा व्यवहार असा आहे : तिने आपली लाज, आपले घर, पुष्कळदा आपल्या नवऱ्याचा आसरा पणाला लावून सत्य सांगितले, कारण सत्य सांगितल्याने काही होईल असे तिला आपल्या माणसांनी सांगितले होते. तिने आपल्या बाजूचे वचन पाळले आहे. आता आपल्या बाजूचे वचन आपण पाळावे. दोहा येथे किंवा अन्यत्र, पुढचा जो मसुदा आपल्या प्रतिनिधीपुढे सहीसाठी येईल, त्यात हुकूम देणाऱ्याच्या जबाबाचे कलम नसेल तर त्यावर संयुक्त राष्ट्रसंघाची सही होणार नाही, असे आपण आजच, जाहीरपणे, आपल्या नावानिशी सांगावे. एवढे आपण सांगितले तर पुढच्या वर्षीच्या यादीतील नायकांना ती यादी प्रथमच लक्षपूर्वक वाचावी लागेल.

कळावे,

आपला नम्र,
महाराष्ट्रातील एक भारतीय नागरिक